फ्रिओ-फ्रिओ ते गोफिओ : डोमिनिकन आइस्क्रीम आणि रस्त्यावरच्या खाऊबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आम्ही न्यूयॉर्कच्या वॉशिंग्टन हाइट्समध्ये राहतो. मॅनहॅटनच्या वरच्या टोकाचा हा भाग बराचसा डोमिनिकन. जिन्यात स्पॅनिश, कोपऱ्यावर बचाता, म्हणजे डोमिनिकन गाणी, आणि जून उजाडला की फुटपाथवर बर्फाच्या गाड्या. समोरच्या दारात एक आजी राहतात. त्यांना सगळे 'दोन्या' म्हणतात, म्हणजे आपल्याकडच्या 'बाई'सारखं, मानाचं. मीही दोन्याच म्हणते. त्या मला 'वेसिना' म्हणतात, म्हणजे शेजारीण. खाली जे लिहिलंय त्यातलं निम्मं त्यांच्या स्वयंपाकघरातल्या स्टुलावर बसून ऐकलेलं आहे. घरच्या ग्रुपवर फोटो टाकला की सासर-माहेर दोन्हीकडून तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं लिहून ठेवते.

डोमिनिकन म्हणजे डोमिनिका का?

नाही. डोमिनिका हा वेगळा, छोटा, इंग्रजी बोलणारा देश. आपण बोलतोय ते डोमिनिकन रिपब्लिकबद्दल. हिस्पानिओला बेटाचा पूर्वेकडचा मोठा भाग यांचा, पश्चिमेकडचा हैतीचा. राजधानी सांतो दोमिंगो, भाषा स्पॅनिश. पुढे.

फ्रिओ-फ्रिओ म्हणजे आपला बर्फाचा गोळाच ना?

चुलतभाऊ म्हणा. 'फ्रिओ' म्हणजे थंड, म्हणून 'थंड-थंड'. लाकडी गाडी, तिच्यावर गोणपाटाखाली झाकलेली बर्फाची लादी, बाजूला रंगीत सरबतांच्या बाटल्यांची रांग. विकणारा सुताराच्या रंध्यासारखं हातातलं यंत्र लादीवरून ओढतो. पोटात कीस जमला की झाकण उघडून तो कपात उलटा करतो आणि वरून सरबत. चिंच, लिंबू, रासबेरी, पुदिना, द्राक्ष, चिनोला. चिनोला म्हणजे पॅशनफ्रूट.

फरक दोन. एक म्हणजे त्यात काडी नसते. आपल्याकडे गोळा दाबून काडीवर घट्ट बसवतात आणि आपण तो चोखतो, पांढरा पडला की परत रंग मागतो. तिथे कप असतो. आधी चमच्याने खायचं, मग खाली साठलेलं स्ट्रॉने ओढायचं. दुसरा फरक म्हणजे मीठ-मसाला नाही. काळा खट्टा वगैरे भानगड नाही. निव्वळ गोड आणि आंबट.

दोन्यांच्या मते यंत्राच्या 'खर्रर्र' आवाजाशिवाय फ्रिओ-फ्रिओ लागतच नाही. इथे आमच्या कोपऱ्यावर एक जण विजेच्या यंत्रात बर्फ चुरतो. त्याच्याकडून त्या घेत नाहीत. दोन चौक चालत जाऊन हाताने किसणाऱ्याकडून घेतात, गुडघे दुखत असले तरी.

सगळ्यांत आवडता स्वाद कुठला?

चिंच. तिथे तिला 'तामारिंदो' म्हणतात आणि या नावात आपणच बसलोय. अरबी 'तम्र हिंदी', म्हणजे हिंदुस्थानी खजूर, त्याचं स्पॅनिशमध्ये तामारिंदो झालं. झाड मूळचं आफ्रिकेचं, पण अरबांना ते भारताकडून कळलं म्हणून नाव आपलं. मी हे दोन्यांना सांगितलं तेव्हा त्यांनी मान डोलावली आणि म्हणाल्या, तरीच तू न विचारता चिंच घेतलीस.

मग साखरेचं काय? ऊसही आपलाच का?

ऊस आशियातला, त्याच्या रसापासून दाणेदार साखर करण्याची युक्ती भारतातली, आणि स्पॅनिश 'आसुकार' हा शब्द अरबी-फारसीतून मागे नेला की 'शर्करा'पाशी पोहोचतो. कोलंबसने 1493 च्या दुसऱ्या सफरीत कॅनरी बेटांवरून उसाची रोपं हिस्पानिओलावर नेली. पुढे काय झालं ते गोड नाही. ऊस तोडायला आफ्रिकेतून गुलाम आणले गेले. नंतरच्या काळात हैतीतून मजूर आले. साखर कारखान्यांभोवतीच्या त्यांच्या वस्त्यांना 'बातेय' म्हणतात, आणि त्या आजही आहेत. खाऊच्या आठवणी काढताना ही माणसं सहसा कुणाला आठवत नाहीत, म्हणून इथे लिहून ठेवलं.

'स्किमाईस' काय असतं? पेप्सीकोला?

बरोब्बर! शाळेबाहेर आठ आण्याला मिळणारी, प्लॅस्टिकच्या नळीतली पेप्सी आठवा. एक कोपरा दाताने फाडायचा आणि चोखत राहायचं. स्किमाईस तेच, फक्त कारखान्यातलं कमी आणि घरचं जास्त. गल्लीत ज्यांच्याकडे फ्रीझर, त्यांच्या दारावर हाताने लिहिलेली पाटी असायची : बर्फ आणि स्किमाईस मिळेल. पोरांनी खिडकीतून नाणं द्यायचं, आतून बाईचा हात पिशवी घेऊन बाहेर यायचा. नारळाचं, चिंचेचं, दुधाचं, कधी सरळ सोड्यासारख्या रंगीत पाण्याचं.

यात विजेचा काय संबंध? तुम्ही दर फोटोखाली लाइट गेल्याचं लिहिता.

कारण डोमिनिकन माणसाच्या थंड खाऊची कुठलीही गोष्ट विजेपाशी येतेच. 1980 आणि 90 च्या दशकांत तिथे वीज तासन् तास जायची. तिथला शब्द 'आपागोन'. ज्यांना परवडायचं त्यांच्याकडे बॅटरीवरचा इन्व्हर्टर किंवा जनरेटर असे, बाकीच्यांकडे मेणबत्ती आणि रॉकेलचा दिवा. त्यामुळे फ्रीझर असला तरी बर्फ धरेलच असं नाही. लादी बर्फाच्या कारखान्यातून विकत आणायची. फ्रिओ-फ्रिओवाल्याकडे बर्फ असायचा, घरात नसायचा. त्या गाडीला इतकी किंमत का होती, ते यातून कळतं.

आणि वीज आली की आख्ख्या गल्लीतून एकच ओरडा उठायचा : 'येगो ला लूस!' लाइट आली! आपल्याकडेही लोडशेडिंगच्या दिवसांत हा ओरडा होताच, मी स्वतः गच्चीवरून ओरडलेली आहे. दोन्या सांगतात की त्यांच्या धाकट्या बहिणीला त्या ओरड्याचा अर्थ अनेक वर्षं 'आता स्किमाईस गोठेल' एवढाच वाटायचा. वीज जाऊन अर्धवट वितळलेलं आणि परत गोठलेलं स्किमाईस वेगळं लागतं. सगळी साखर एका टोकाला, दुसऱ्या टोकाला कोरा बर्फ. त्यांना अजून तेच हवं असतं. इथला एकसारखा गोठलेला माल त्यांना 'दवाखान्यातल्यासारखा' वाटतो.

खरं आइस्क्रीम मिळत नव्हतं का?

मिळायचं की. 'एलादोस बॉन' ही तिथली सगळ्यांना माहीत असलेली आइस्क्रीमची साखळी 1972 मध्ये सुरू झाली. सांतो दोमिंगोच्या जुन्या भागात 'एल कोंदे' नावाचा पादचारी रस्ता आहे. रविवारी चांगले कपडे घालून तिथे फिरायचं आणि आइस्क्रीम खायचं, हा शहरी कुटुंबांचा कार्यक्रम. रम-मनुका, नारळ, पेरू, गुआनाबाना. गुआनाबाना हे सीताफळाच्या कुळातलं मोठं, काटेरी सालीचं, आंबटगोड फळ. आणि रताळ्याचं आइस्क्रीमही असतं. त्यावरून पुढचा प्रश्न.

रताळ्याला ते 'बटाटा' का म्हणतात?

उलट विचारा : आपण बटाट्याला बटाटा का म्हणतो?

हा माझा आवडता विषय आहे, जरा थांबा. हिस्पानिओला बेटावर स्पॅनिश लोक उतरले तेव्हा तिथे ताइनो लोक राहत होते. त्यांच्या भाषेत रताळ्याला 'बाताता' म्हणत. स्पॅनिशांनी शब्द उचलला, पोर्तुगीजांनी घेतला, आणि पुढे अमेरिकेतून दुसरा कंद आला तेव्हा पोर्तुगीजांनी त्यालाही हेच नाव लावलं. तो शब्द त्यांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला आणि मराठी-कोकणीत राहिला. म्हणून हिंदीत आलू आणि आपल्याकडे बटाटा. बटाटेवडा म्हणताना आपण एका कॅरिबियन बेटावरच्या लोकांचा शब्द उच्चारतो, आणि त्यांच्या लेखी त्या वड्यात रताळं असायला हवं.

डोमिनिकन रिपब्लिकमध्ये बाताता म्हणजे आजही रताळंच. मी एकदा दुकानात 'बाताता' मागून भाजीचे बटाटे समजून तीन पौंड रताळी घरी आणली होती. त्या रात्री नवऱ्याने गोड रस्सा खाल्ला आणि काही बोलला नाही, यावरून त्याच्या सहनशक्तीचा अंदाज यावा.

शेजारशेजारचे असे आणखी शब्द आहेत. चिकू मूळचा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा आणि 'चिकू' हा शब्दही तिकडूनच आलेला, पण डोमिनिकन लोक त्याला 'निस्पेरो' म्हणतात आणि दुधात फिरवून पितात. काजूच्या बोंडाला 'काहुईल'. आपल्याकडे कोकण-गोव्यात बोंडं सडतात किंवा त्यांची फेणी होते, तिथे ती पाकात मुरवून खातात. पपई हा शब्द आपल्याकडे कॅरिबियनमधून आला, आणि ते स्वतः मात्र पपईला 'लेचोसा' म्हणतात! संत्र्याला 'चिना'.

'हाबिच्युएलास' म्हणून राजम्याच्या खिरीचा फोटो टाकला होता. खरंच राजमा?

खरंच राजमा. 'आबिचुएलास कोन दुल्से' (पहिला 'ह' लिहितात, उच्चारत नाहीत; फोटोखाली मी चुकीचं लिहिलं होतं). लेंटच्या दिवसांत, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या उपवासाच्या दिवसांत, घराघरांत हे शिजतं. एरवी नाही. एक वाटी करणं कुणाला जमत नाही. मोठ्या पातेल्यातच होतं आणि डबे भरभरून शेजारी वाटलं जातं. कुणाचं किती दाट, कुणी मनुका कमी घातल्या, यावर वर्षभर पुरतील इतकी मतं असतात. आपल्या दिवाळीच्या फराळाच्या ताटासारखंच, फक्त ताटाऐवजी प्लॅस्टिकचा डबा, आणि तो डबा परत करायचा की नाही याचे वाद.

दोन्यांची पद्धत, माझ्या वहीतून :

दोन वाट्या लाल राजमा रात्री भिजवून मऊ शिजवा. त्याच पाण्यासकट मिक्सरमधून काढा आणि गाळा. ही पायरी टाळू नका, सालं राहिली तर दाताखाली कागद आल्यासारखं होतं. जाड बुडाच्या पातेल्यात हे गाळलेलं, दोन वाट्या नारळाचं दूध, दोन वाट्या आटवलेलं दूध, पाऊण वाटी साखर, दालचिनीचे दोन तुकडे, सहा-सात लवंगा, चिमूटभर मीठ. मंद आचेवर, सतत ढवळत. रताळ्याच्या बारीक फोडी वेगळ्या उकडून शेवटच्या दहा मिनिटांत घाला, मनुकाही तेव्हाच, आणि चमचाभर लोणी. खाली उतरवल्यावर ते आणखी दाट होतं, म्हणून पातळ असतानाच गॅस बंद करा. गार करून, वरून छोटी गोल दुधाची बिस्किटं. इथे मिळतात त्यांच्यावर क्रूस उमटवलेला असतो. भारतात साधं मारी चालेल.

माझ्या आईने पुण्यात केलं. म्हणाली, डोळे मिटून खाल्लं तर पुरणाच्या वाटेने जातं. ते खरं आहे. कडधान्य, गोड आणि मसाला एकत्र म्हटलं की इंग्रजी बोलणारे लोक तोंड वाकडं करतात. पुरणपोळीवर वाढलेल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

आणखी एक. लेंट साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो, म्हणजे महाशिवरात्रीच्या आसपास. तेव्हा आमच्या मजल्यावर दोन्ही दारांत रताळी उकडत असतात. मी साबुदाण्याची खिचडी करते. दोन्यांच्या ओट्यावर 'कासाबे' असतो. कासाबे म्हणजे कसाव्याच्या कंदाची पातळ, कडक भाकरी, ताइनो लोकांपासून चालत आलेली. 2024 मध्ये युनेस्कोने तिला वारशाच्या यादीत घेतलं. आपला साबुदाणाही कसाव्याचाच. एकाच कंदावर दोघींचा उपवास.

संत्र्याचा रस आणि दूध एकत्र? नासत नाही?

'मोरिर सोन्यांदो', शब्दशः 'स्वप्न बघत मरणं'. सांतो दोमिंगोत 1956 पासून चालणारं 'बार्रा पायान' नावाचं सँडविच आणि ज्यूसचं ठिकाण यासाठी प्रसिद्ध आहे.

नासतं. माझं पहिल्या वेळी नासलं. दूध फ्रिजबाहेरचं होतं आणि रस मी एकदम ओतला. ग्लासात जे झालं ते बघून दोन्या स्टुलावरून उठल्या आणि काही न बोलता माझ्या हातातून जग काढून घेतला. मग दाखवलं. दुधात आधी साखर विरघळवायची, व्हॅनिलाचे दोन थेंब. त्यात भरपूर चुरलेला बर्फ. रसही फ्रिजमधला. मग बारीक धारेने रस, आणि दुसरा हात ढवळण्यावर, थांबायचं नाही. कारण साधं आहे : आंबटपणा वाढला की दुधातलं केसिन हे प्रथिन गोळा होतं, पण थंडीत ते सावकाश होतं. तुम्ही फक्त वेळ मिळवत असता, म्हणून ग्लास भरला की लगेच प्यायचा. ठेवून द्यायचा प्रकारच नाही.

विरुद्ध आहार म्हणून काकूंनी फोनवर अर्धा तास सुनावलं. त्यांनी पिऊ नये.

आणि नासलेल्या दुधाचं पण काही करतात म्हणे?

'दुल्से दे लेचे कोर्तादा'. कोर्तादा म्हणजे फाटलेलं. दूध मुद्दाम लिंबू पिळून फाडतात, साखर आणि दालचिनी घालून आटवतात, तपकिरी दाणेदार रवाळ होईपर्यंत. आपल्या घरी दूध नासलं की आई त्यात साखर घालून ढवळत बसायची आणि आम्ही चमचे घेऊन भोवती, तीच चव. दुधाच्या मिठाईसाठी दक्षिणेकडचं बानी शहर आणि त्याजवळचं पाया गाव प्रसिद्ध. महामार्गावर गाडी थांबवून खोके भरून नेण्याची जागा.

गोफिओ काय?

भाजलेल्या मक्याचं पीठ आणि साखर, कागदाच्या पुंगळीत. सातूचं पीठ कोरडंच तोंडात टाकल्यासारखं. कॅनरी बेटांवरून आलेल्या लोकांनी हा पदार्थ आणला. पुंगळी तोंडात उपडी करायची आणि मग एकमेकांना हसवायचा प्रयत्न करायचा. जो हसला त्याच्या नाकातोंडातून धूर. दोन्यांनी मला ते करून दाखवलं, बहात्तराव्या वर्षी, आणि मग टेबल पुसायला मला लावलं.

बाकीचे पदार्थ थोडक्यात?

हालाओ : किसलेलं खोबरं आणि मध किंवा काकवी यांचे चिकट लाडू. कोकोनेते : खोबऱ्याची जाड, ओबडधोबड बिस्किटं. माहारेते : कोवळ्या मक्याची, नारळाच्या दुधातली थापून गार केलेली खीर, वर दालचिनी. माबी : एका वेलीच्या सालीपासून केलेलं, किंचित आंबलेलं, कडसर पेय, एल सेय्बो गावाचं नावाजलेलं. लिमोन्सियो : हिरव्या सालीचं, लिचीसारख्या गराचं फळ, रस्त्यावर जुड्या बांधून मिळतं.

गोड आरेपा जरा सविस्तर सांगायला हवा. मका, नारळ, गूळसर साखर यांचा केक, पण भट्टीत नाही. जाड पातेल्याखाली निखारे आणि झाकणावरही निखारे. 'वर आग, खाली आग' असं त्यावरून म्हणतातही. कोकणात काकडीचं धोंडस असंच करतात. माझी आजी झाकणावरच्या निखाऱ्यांत नारळाची करवंटी टाकायची. दोन्यांनी विचारलं, का? मला सांगता आलं नाही.

यानिकेके हे नाव काय विचित्र?

इंग्रजी 'जॉनीकेक'चं स्पॅनिश तोंडात झालेलं रूप. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आसपासच्या इंग्रजी बोलणाऱ्या बेटांवरून साखर कारखान्यांत कामाला लोक आले, मुख्यतः सान पेद्रो दे माकोरीसकडे. त्यांना 'कोकोलो' म्हणतात. त्यांच्याबरोबर ही तळलेली पुरी आली. आता बोका चिका किनाऱ्यावर ताटाएवढी, कुरकुरीत, मीठ भुरभुरवून मिळते. गोड नाही, पण समुद्रावरून घरी येताना हातात हीच असते.

शाकाहारी माणसाला यातलं काय चालेल?

जवळजवळ सगळं. आबिचुएलास, माहारेते, गोफिओ, फ्रिओ-फ्रिओ यांत अंडं नसतं. तिथल्या केकमध्ये असतं, वर अंड्याच्या पांढऱ्याचा थरही. यानिकेके पिठाचं असलं तरी किनाऱ्यावर त्याच तेलात मासे तळलेले असू शकतात, विचारून घ्या.

इतकी हळहळ कशाची? सगळं न्यूयॉर्कमध्ये मिळतं तर.

मीही हे विचारलं होतं. 1961 मध्ये हुकूमशहा त्रुहियो मारला गेला, 1965 मध्ये यादवी आणि अमेरिकी फौजा, आणि त्यानंतर लोक मोठ्या संख्येने अमेरिकेत आले. आज इथे वीस लाखांहून जास्त डोमिनिकन आहेत. पदार्थ त्यांच्याबरोबर आलेच. पण तिथे गाडीवाला दारावरून जायचा. तो बाईला 'मार्चांता' अशी हाक मारायचा, तीही त्याला 'मार्चांते' म्हणायची. दोघं एकमेकांचं गिऱ्हाईक असल्यासारखी. उधारी चालायची, पोराच्या तापाची चौकशी व्हायची. घंटा वाजली की दुपारची झोप संपली असं समजायचं. इथे तुम्हाला गाडीपर्यंत जावं लागतं. दोन्यांच्या तक्रारींतली ही पहिली. दुसरी म्हणजे इथे वीज कधीच जात नाही, हे त्या हसत सांगतात, पण सांगतात.

तुम्ही त्यांना आपला गोळा खायला घातला का?

गेल्या जुलैत. फूड प्रोसेसरमध्ये बर्फ चुरला (यावरूनच नापसंती सुरू झाली), आईस्क्रीमची काडी खोचून गोळा दाबला, वर कोकमाचं सरबत, जिरेपूड, काळं मीठ. दोन्यांनी एकदा चोखला, भुवया वर गेल्या, परत चोखला. तेवढ्यात गोळा काडीवरून निसटून त्यांच्या झग्यावर पडला. त्या उठल्या, कपाट उघडलं, कप काढला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाल्या, परत कर, काळं मीठ तेवढंच, काडी नको.